कुणीही आलो म्हणा

ता. ३ मार्च

ताई,

परत तेच! पाकीट फोडलं की पहिल्याच ओळीत दार. दार उघडं राहतं, दारातून शेळी शिरली, शेळीने पीठ खाल्लं, दारात उभं राहून बाबांचे पाय सुजले, आणि या सगळ्याचा गुन्हेगार कोण, तर मी. शेळी मी पाळली का?

बाबा गिरणीच्या फाटकावर नोकरीला होते, मान्य. पाळी भरायच्या वेळी एकेकाचं नाव पुकारायचं, ‘आलो’ ऐकलं की पुढचं नाव, सगळे झाले की फाटक बंद. जन्मभर तेच केलं, तेही मान्य. पण घर म्हणजे गिरणी नाही ना! रोज दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहून मला ‘भिंगरी!’ म्हणून गल्लीभर ओरडायचं आणि उत्तर आल्याशिवाय कडी लावायची नाही, हे कुठलं खूळ? मी घर सोडलं ते याच हाकेपायी. चोवीस वर्षांच्या बाप्याने कुठे होता नि कुणाबरोबर होता, याचा जबाब रोज एका कडीला द्यायचा?

इथे धुलाईच्या कारखान्यात माझं बरं चाललंय. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, आम्ही त्या उकळतो, पिळतो, तापलेल्या रुळाखालून काढतो. हात भाजतात, पण सवय झाली. आणि मला आता स्वतंत्र खोली मिळालीय. एक खिडकी, एक खिळा, एक किल्ली. किती वाजता आलो, कुणी विचारत नाही. खिळ्याला शर्ट अडकवतो, तो शर्टसुद्धा विचारत नाही. असं जगणं तुला कळायचं नाही.

तर एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नको. माझी हाक आली की कुणीही ‘आलो’ म्हणा. तू म्हण, नाहीतर ती शेळी म्हणू दे. माझी परवानगी आहे. आणि कडी लावून मोकळे व्हा.

तुझा भाऊ


ता. १४ मार्च

स्वतंत्र खोलीवाले बंधुराज यांस,

अक्षर सुधारलंय, अक्कल तेवढी राहिली. बाबांना आता उजेड-अंधार सोडला तर फारसं दिसत नाही. त्यांचं जग म्हणजे आवाज. आई गेली तेव्हा तिची हाक त्यांनी आपणहून सोडली. तुझी सोडत नाहीत, कारण तू जिवंत आहेस. एवढं तुझ्या टाळक्यात शिरलं असतं तर भांडणच नव्हतं.

तुझं पत्र मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना वाचून दाखवलं. शब्दन् शब्द. शेळीसकट. वाटू दे वाईट, म्हटलं. पण बाबांनी फक्त विचारलं, “खाली त्याची सही आहे?”

“आहे.”

“मग झालं. ज्याचं नाव, त्याची परवानगी.”

आणि त्यांनी हजेरी सुरू केली. आधी “पोरी!” मी चुलीपासून “आले” म्हटलं. मग “भिंगरी!” मी घसा खाकरला, तुझा फाटका आवाज काढायला. पण माझ्या आधीच कुणीतरी म्हणालं, “आलो.”

मला वाटलं पलीकडच्या घरातला कंपाउंडर, त्याला मेल्याला अशा नकलांची हौस आहे. बाहेर जाऊन पाहिलं तर त्याच्या दाराला कुलूप. तोवर बाबांनी कडी घातली होती. मलाच बाहेरून थाप मारून आत यावं लागलं. “आज बरा लवकर आला,” म्हणाले, आणि दोन घास जास्त जेवले. मीही झोपले. खरं सांगू? किती दिवसांनी पाठ टेकल्यासारखी वाटली.

भास असेल. तुला म्हणून लिहिलं.

ताई


ता. २६ मार्च

ताई,

भास म्हणे! मी लांब आहे, आंधळा नाही. कंपाउंडर संध्याकाळचा आपल्या घरात काय करतो? मी असताना तो कधी कुंपणाच्या अलीकडे आला नव्हता. तू जाणती आहेस, तुला तुझी मर्जी आहे, त्यात मी पडत नाही. पण आंधळ्या बापाला फसवून माझ्या नावावर दुसऱ्याला घरात घ्यायचं, हे मला चालणार नाही. ‘कुणीही’ म्हणजे कुणीही असं मी म्हणालो नव्हतो.

त्याला सांग, भिंगरी येऊन तंगडी मोडेल.

भाऊ


ता. ५ मे

महिनाभर मुद्दाम लिहिलं नाही. तुझी मर्जी म्हणजे खोली आणि किल्ली. माझी मर्जी म्हटली की लगेच कंपाउंडर! वा रे वा. त्याची बदली होऊन तो मार्चमध्येच गेला. सामान हलवलं तेव्हा त्याची बायको आणि सासूसुद्धा होती. पुरे एवढं?

आता जे आहे ते लिहिते. चिडू नको, हसूही नको.

आवाज बाहेरून येत नाही. घरातून येतो. मधल्या खोलीतून, तुझी खाट आहे तिथून. रोज एकच शब्द. पहिले आठ-दहा दिवस मी हाकेच्या वेळी त्या खोलीत जाऊन उभी राहायचे. मी तिथे असले की आवाज न्हाणीतून यायचा. न्हाणीत गेले की परसातून. आपण लपाछपी खेळायचो तेव्हा तू असाच जागा बदलायचास, लबाडा.

मग सकाळी पिंप भरलेलं दिसायला लागलं. बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब पडलेले असायचे. “घातले की त्याने,” बाबा म्हणायचे. मी बाबांशी वाद घातला नाही. पिंपाशी कोण वाद घालणार? पाणी तर खरंच भरलेलं होतं.

गेल्या आठवड्यात शिवणाच्या कामावरून आले तर परसात पिंपापाशी कुणीतरी पाठमोरं उभं. तुझा निळा शर्ट, तू टाकून गेलास तो. मान तशीच वाकडी. मला वाटलं, तूच आलायस आणि पत्रात बढाया मारल्यास म्हणून लपतोयस. मी म्हटलं, “आलास तर तोंड दाखव ना.”

“थांब, हात ओले आहेत,” तो म्हणाला.

अरे, हातांचा आणि तोंडाचा काय संबंध? पण मी विचारलं नाही. मी म्हटलं, “पाणी सांडू नको,” आणि घरात गेले. कणीक मळायला घेतली तेव्हा लक्षात आलं की आपण भ्यायला हवं होतं. मग थोडी भ्याले. पण तोवर भाकरी करायची वेळ झाली होती.

तू आलायस का? खरं लिही. आला असशील तर मी रागावणार नाही.

ताई


ता. १४ मे

ताई,

आईशप्पथ सांगतो, मी इथेच आहे. कारखान्यातून खोली, खोलीतून कारखाना. तू आजच्या आज कुलूप बदल. त्याच्याशी बोलू नको. कंपाउंडरबद्दल बोललो ते मागे घेतो, कान पकडतो.

माझंही एक आहे. कुणाला सांगितलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं कुणी नाही.

आमचा मुकादमही सकाळी नावं पुकारतो. इतके दिवस मी ‘आलो’ म्हणत होतो, बाबांचंच वळण. मार्चच्या मध्यावर एक दिवस नाव आलं, मी तोंड उघडलं, आणि शब्द निघाला नाही. घसा बसला म्हणावं तर तसं नाही. बाजूच्याला मी लगेच “काय रे, बघतोस काय” म्हणालो, ते नीट निघालं. शिव्या येतात. गाणं येतं. तेवढा एक शब्द येत नाही. खोलीत येऊन, दार लावून, खिळ्याकडे बघून म्हणून पाहिलं. ओठ हलतात. आवाज नाही. जसं कुणी तेवढाच कापून नेलाय.

“हजर” म्हणून पाहिलं. मुकादम मान वर न करता पुढच्या नावाला गेला. मी त्याच्या समोर, हातभर अंतरावर, कवेत चादरींचा गठ्ठा. दुपारी त्याच गठ्ठ्याला अडखळला आणि म्हणाला, “हा इथे कुणी टाकला?” कवेतच होता गं माझ्या.

रुळावर एक म्हातारा आहे, त्याला सगळे आजोबा म्हणतात. तोच तेवढा अजून माझ्याकडे बघून बोलतो. त्याला म्हटलं, आजोबा, मला इथे कुणी विचारेनासं झालंय. तो म्हणाला, “मग नशीबवान आहेस. जेवलास का, निजलास का, मेलास का, मला कुणी विचारून युगं लोटली. यालाच स्वतंत्र म्हणतात. आधी गोड लागतं. दात मागाहून किडतात.”

मला तसा अर्थ नको होता, ताई. मला फक्त त्या हाकेला उत्तर द्यायचं नव्हतं.

कुलूप बदल.

भाऊ


ता. ७ जून

भिंगऱ्या,

कुलूप कशाला बदलायचं? घरातल्या माणसाला घराबाहेर ठेवायला?

तू उगीच घाबरतोस. इथे सगळं इतकं सुरळीत आहे की सांगता सोय नाही. काल तू छपराचा पत्रा ठोकलास, आता टपटप बंद. म्हणजे त्याने ठोकला. लिहिताना माझा गोंधळ होतो, वाचताना तू नीट लावून घे.

मोठी गोष्ट अशी की बाबांच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत त्याने भिंतीलगत दोरी बांधलीय. वळणावर गाठ, पायरीपाशी दोन गाठी. बाबा दोरी धरून एकटे जातात, एकटे येतात. इतकी वर्षं मी त्यांना धरून न्यायची आणि ते दाराकडे तोंड करून म्हणायचे, “तोंड फिरव तिकडे.” बापाला किती लाज वाटत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. परवा न्हाणीतून आले, खाटेवर ताठ बसले आणि म्हणाले, “पोरी, मी आता कुणाचा मिंधा नाही.” त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. म्हणजे बघितलासच.

आता माझं. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणारी बाई हवीय, दूरच्या शहरात. पगार दुप्पट, राहायला खोली, खोलीला किल्ली. मागे दोनदा असं काम चालून आलं, दोनदा बाबांपायी नाही म्हटलं, आणि तुला कळू दिलं नाही. आता कशाला नाही म्हणू? वीस तारखेला निघते. किल्लीचं कौतुक तुला नव्याने सांगायला नको.

एक गंमत. तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मुकादमाचं, आजोबांचं, सगळं. शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, “हे कुणाचं पत्र वाचतेस? बिचारा कुणीतरी फार एकटा दिसतो.”

म्हटलं, “भिंगरीचं.”

“काहीतरीच! भिंगरी आत झोपलाय. हळू बोल.”

ताई


ता. १३ जून

ताई,

जाऊ नको. पाया पडतो, मी येईपर्यंत जाऊ नको.

तो माझ्यासारखा बोलतो, माझ्यासारखा उभा राहतो, म्हणून तू त्याला मी समजतेस. मग नीट ऐक. मी असतो तर मी दोरी बांधली नसती. मी बाबांसाठी आजवर एक खिळा ठोकला नाही, हे तूच मला ओरडून सांगायचीस आणि ते खरं होतं. पत्रा ठोक म्हटलं की मी पाय लावून पळायचो. तो माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हणूनच तो मी नाही.

सुट्टीसाठी मुकादमाकडे गेलो. त्याने ऐकलं नाही. नाही म्हणाला असं नव्हे, ऐकलंच नाही.

हे तुला वेळेवर मिळालं पाहिजे.

भाऊ


ता. ३० जून

भिंगरी,

तुझं तेराचं पत्र मी निघायच्या दिवशी दुपारी मिळालं. वाचलं आणि बोचक्यात घातलं. म्हटलं, हा लहानपणापासून असाच, स्वतः सुटला की बाकीच्यांना धरून ठेवतो. हे मनात आलं होतं, म्हणून लिहिते. आता तसं वाटत नाही.

माझी खोली छान आहे. खिडकी पूर्वेला. पहिल्या दिवशी मी आतून दार लावलं, उघडलं, परत लावलं. हसलेसुद्धा एकटीच. पलंगावर आडवी तिडवी झोपले. मग सहज आठवायला गेले की बाबांना दोरी बांधून देणाऱ्याचा चेहरा कसा होता. आठवला नाही. तीन महिने एका घरात होतो, त्याने माझ्या हातची भाकरी खाल्ली, मी त्याच्यावर खेकसले. पाठ आठवते, ओले हात आठवतात. चेहऱ्याच्या जागी काही नाही. घरात असताना एकदाही शंका आली नाही रे.

निघायचं सांगते. गाडी संध्याकाळची होती. मी बाबांचा हात हातात घेतला. ते म्हणाले, “जा, जा. माझी काळजी आता कुणाला करायला नको.” खुशीत होते. मग मी मधल्या खोलीच्या दाराशी गेले. आत अंधार होता. मी म्हटलं, “निघते. बाबांचं बघ. आता माझंही तूच बघायचं.”

“बघतो,” तो म्हणाला.

बोललं जातं असं निघताना. मला काय ठाऊक मी काय देऊन टाकतेय.

पेटी घेऊन गल्लीच्या टोकाला पोचले तोच मागून हाक आली. “भिंगरी!” आतून, “आलो.” बरं वाटलं. मग सवयीने, “पोरी!” विसरले बिचारे, म्हटलं, आता ताटकळतील उंबऱ्यात. मी पेटी खाली ठेवली, मागे वळले, ‘बाबा, मी निघाले’ असं ओरडायला तोंड उघडलं.

घरातून कुणीतरी म्हणालं, “आले.”

माझा आवाज, भिंगरी. मी दमले की शेवटचं अक्षर ओढते, तसंच ओढलेलं. आणि कडी लागली. मी रस्त्यात उभी, पायापाशी पेटी, आणि बाबांनी कडी लावली.

मी परत जायला हवं होतं. दार वाजवायला हवं होतं. पण मला वाटलं, दार वाजवलं आणि ‘कोण’ म्हणून आतून मीच विचारलं तर?

गाडी पकडली.

इथे कारखान्यात सकाळी मास्तर नावं पुकारतात. मला ‘आले’ हा शब्द येत नाही. बाकीचं सगळं येतं. तुझ्यावर हसले नव्हते, पण विश्वासही ठेवला नव्हता.

पोचल्याचं पत्र बाबांना टाकलं होतं. ते न उघडता परत आलं. पाकिटावर शाईने लिहिलंय, ‘या घरातलं कुणी बाहेर नाही.’ अक्षर माझं आहे.

ताई


ता. ९ जुलै

ताई,

तुझं पत्र आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी रूळ थांबवला, म्हणाले, “मग आता तुम्ही दोघं पक्के स्वतंत्र झालात,” आणि रूळ परत सुरू केला.

मी दोन दिवस विचार केला. माझ्यासारख्या पाचवी नापासाने जेवढा करावा तेवढा. खरं म्हणशील तर कुणाचं काय बिघडलंय? बाबांच्या डोळ्यांत वेळेवर औषध पडतं. छप्पर गळत नाही. दोरी आहे. हाक मारली की दोन्ही पोरं उत्तर देतात, पळून न जाणारी, उलट न बोलणारी. बाबा कुणाचे मिंधे नाहीत. तुला काम आहे, मला काम आहे, दोघांना किल्ल्या आहेत. तिकडे कुणी आपली वाट बघत नाही. अगदी असंच मला हवं होतं. वर्षभरापूर्वी कुणी दिलं असतं तर मी नाचलो असतो.

पण काल चादरी पिळताना एक मनात आलं आणि हात थांबले. ताई, बाबा गेले तर आपल्याला कळवणार कोण? मुलगा घरात आहे. मुलगी घरात आहे. तार करायची कुणाला? लोक येतील, बसतील, त्या दोघांच्या पाठीवरून हात फिरवतील आणि जातील. तू तिथे कापड कापत राहशील आणि मी चादरी पिळत राहीन, आणि आपल्याला आयुष्यभर वाटत राहील की बाप आहे.

ते मला सोसणार नाही. बाकी सगळं सोसेन.

मी काम सोडलंय. सोडलं म्हणजे निघालो, विचारलं कुणीच नाही. पंचवीस तारखेला दुपारच्या गाडीने गावात उतरतो. दिवेलागणीच्या आधी उंबऱ्यावर जाऊन बसणार आहे. आत जाणार नाही, कुणाशी भांडणार नाही. बाबा कडीला हात घालायला आले की तो हात धरणार. शब्द नाही तर नाही. आवाज ते दोघं घेऊन बसलेत, हात तर माझाच आहे, भाजलेला, घट्टे पडलेला. बाबांनी तो ओळखला तर ओळखला. नाही ओळखला आणि ‘कोण तू’ म्हणाले, तरी चालेल. विचारतील तरी.

तू ये, असं मी म्हणणार नाही. एवढ्या वर्षांनी तुला किल्ली मिळालीय, ती टाक म्हणायचा मला हक्क नाही. दोरीचं श्रेय त्याचं, पण त्याआधीची सगळी वर्षं तुझी होती, हे मी पत्रात लिहायला इतका उशीर केला. तिथेच राहिलीस तर मी समजून घेईन, आणि बाबांचं जे होईल ते तुला मी कळवीन, माझ्या हाताने. आलीस तर एकट्याने उंबऱ्यावर बसायला लागणार नाही, एवढंच. मला भीती वाटतेय, ताई.

तुझा पगार अजून झाला नसेल, म्हणून मनीऑर्डर करतोय. पोस्टमनसमोर सही तूच कर, दुसऱ्या कुणाला करू देऊ नको. गावी जायचं भाडं आहे, एकटीचं, एका बाजूचं. पाचशे साठ रुपये.